हशाची जागा

माझ्या साडूच्या मनात माझ्याविषयी काही वाईट नाही. जे आहे ते माझ्या पोटात आहे, आणि तिथे ते चांगलं नांदतं आहे. साडू म्हणजे एकाच सासऱ्याने पारखून घेतलेली दोन माणसं. पहिल्या वेळी अंदाज चुकतो, म्हणून दुसऱ्या वेळी सासरा जास्त काळजी घेतो. मी पहिला.

मी नट आहे. टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत घरमालकाचं काम करतो. रस्त्यात लोक मला ‘काय घरमालक?’ म्हणून हाक मारतात आणि मी हसून मान डोलावतो. माझं स्वतःचं घर भाड्याचं आहे. साडू त्याच स्टुडिओत वरच्या मजल्यावर, ध्वनीच्या खोलीत बसतो. मी खाली विनोद करतो आणि तो वर बसून त्याला हसतो. हसतो म्हणजे स्वतः नाही, हशा भरलेल्या एका पेटीकडून हसवून घेतो. आणि लोक कौतुक कोणाचं करतात? त्याचं.

ही पेटी येण्याआधी स्टुडिओत बाकं होती. चित्रीकरणाच्या दिवशी बाहेरून माणसं बोलावून बाकांवर बसवायचे, त्यांना चहा द्यायचे, आणि ती हसली तर हसली. डोक्यावर एक माइक लटकत असे, त्यात काय मिळेल ते आपलं. त्या काळी माझा विनोद सावकाश चालायचा. भाडेकरू म्हणायचा, छत गळतंय. मी वर बघायचो, हात पुढे करून थेंब तळहातावर घ्यायचो, तो चाखायचो आणि एक शब्दही न बोलता दाराकडे निघायचो. बाकांवर शुकशुकाट. माझा हात कडीवर पडला की मागे कुठेतरी एकजण फुटायचा, मग दुसरा, मग सगळी बाकं. मी पाठमोराच उभा राहायचो. हशा जरा ओसरला की दाराकडे तोंड ठेवूनच म्हणायचो, ‘पाण्याचे पैसे वेगळे.’ मग जे व्हायचं ते व्हायचं.

बायको मला त्या बाकांवर भेटली. भेटली म्हणजे आधी ऐकू आली. घशात काहीतरी अडकल्यासारखा एक आवाज, मग नाकातून फुर्रकन सुटलेली हवा, आणि त्यामागून कुणाचीही भीडभाड न ठेवणारं खणखणीत हसू. दम संपला की शेवटी, ‘मेले गं, मेले!’ मध्येच शेजारी बसलेल्याच्या पाठीत एक धपाटा. मी काम करताना कधी बाकांकडे वळून बघत नाही, पण त्या दिवशी वळलो. दिग्दर्शक ओरडला, दृश्य पुन्हा करावं लागलं. पुन्हा केलं, तर ती त्याच जागी पुन्हा तशीच हसली. मला माझं कळून चुकलं. सासऱ्याला नट जावई नको होता. लेकीने ऐकलं नाही, म्हणून शेवटी त्याने मला पारखून होकार दिला. त्या हसण्यासाठी मी नंतर घरात काय काय केलं ते सांगत बसलो तर लोक मला खुळ्यात काढतील. एवढंच सांगतो, की ते हसू आलं की मला दुसऱ्या कशाची गरज वाटत नसे, पगारवाढीचीसुद्धा नाही.

मग वाहिनीने परदेशातून पेटी आणली. टाइपरायटरला असतात तशा कळा, खाली पायाने दाबायची पट्टी, आणि आत टेपांवर भरलेलं परक्या माणसांचं हसू. ती माणसं कोणत्या देशातली, कशाला हसली, कोणाला ठाऊक. एक कळ दाबली की खुदकन, दुसरी दाबली की खसखस, शेवटची दाबली की सात मजली. पायाने हशा लहानमोठा करायचा. त्यात एक बाई होती, ती नीटस हसायची आणि शेवटी आवाज उचकीसारखा वर न्यायची. एक पुरुष होता, तो हसता हसता खोकायचा. साडूला हे यंत्र चालवायला शिकवलं गेलं, कारण त्याची बोटं हलकी होती. बाकं सुताराने नेली आणि त्यांचं घरमालकाचं कपाट केलं. मी रोज ते कपाट उघडून छत्री काढतो.

सुरुवातीला लोकांनी वाहिनीला फोन करून विचारलं, की मध्ये मध्ये हे कोण हसतंय? मला बरं वाटलं. म्हटलं, आपली माणसं शहाणी आहेत, उसनं हसू चालवून घेणार नाहीत. पण चार-सहा महिन्यांत वारं फिरलं. वाहिनीने काही प्रेक्षक एका खोलीत बसवले, गंमत वाटली की दाबायला प्रत्येकाच्या हातात एक बटण दिलं आणि एकच दृश्य दोनदा दाखवलं, एकदा पेटीसह, एकदा बिनपेटीचं. बिनपेटीचं बघून एक बाई म्हणाली, की यातली माणसं आजारी आहेत का? दुसरे एक गृहस्थ म्हणाले, यात विनोद कुठे होता तेच कळलं नाही. ते दृश्य माझं होतं, थेंब चाखण्याचं. हेच दृश्य बाकं असताना लोकांनी डोक्यावर घेतलं होतं.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही. शेजारच्या वाहिनीने पेटीशिवाय एक मालिका काढली होती, चांगली होती, ती बंद पडली. आमच्या लेखकाने माझे लांब विनोद कापून छोटे केले, कारण कडीपर्यंत पोचायला लागणारा वेळ आता प्रेक्षकांना सोसत नव्हता. आणि दिग्दर्शकाने आम्हाला जागा सोडायला शिकवलं. जागा सोडायची म्हणजे टोला मारणारं वाक्य झालं, की कोणीही बोलायचं नाही. तोंड मिटायचं, भुवया जरा वर, हनुवटी जरा वर, आणि तसंच राहायचं. नंतर वर साडू त्या जागेत हशा भरणार. वाक्य तुमचं असो की समोरच्याचं, जागा सोडायचीच. नाहीतर पुढचं वाक्य हशाखाली चिरडतं. मी आधी खूप कुरकुर केली. म्हटलं, समोर कोणी हसत नसताना थांबायचं तरी कसं? आणि मग, नाकाला मिरच्या झोंबल्या तरी खरं ते खरं, त्या कामात मी सगळ्यांत तरबेज झालो. साडू म्हणायचा, तुमची जागा भरायला फार सोपी जाते. तो हे कौतुकाने म्हणायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी काय झालं ते हळूहळू झालं. बायको मालिका बघताना पेटी हसली की हसायची. ती हसायच्या आधी नाही, नंतरही नाही. आणि तिचं ते हसू बदलत गेलं. फुर्र गेलं, धपाटा गेला. एक दिवस लक्षात आलं, की ती नीटस हसते आहे आणि शेवटी आवाज वर नेते आहे. मी जेवताना काही गमतीचं बोललो तर माझ्याकडे मायेने बघायची, जसं माणूस ताप उतरलेल्या मुलाकडे बघतं. हसायची नाही. हसायला कोणी सुरुवातच केली नव्हती ना.

रविवारी आम्ही तिच्या धाकट्या बहिणीकडे जेवायला जायचो. तिथे मात्र टेबलाभोवती हशा पिकायचा. साडू काही विनोदी माणूस नाही. त्याला साधा किस्सा धड सांगता येत नाही, शेवट आधी सांगतो. पण कधी हसावं हे त्याच्या बोटांत भिनलेलं. मेहुणी काहीतरी बोलायची, तो नाकातून हलकेच ‘हं’ करायचा, आणि सगळं टेबल हसायचं. माझी बायकोसुद्धा. त्याच्या एका ‘हं’वर. मी वीस वर्षं रंगमंचाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि हा माणूस आयत्या बिळावरचा नागोबा. घरी परतताना मी गप्प असायचो. बायको विचारायची, पोट बिघडलं का? मी हो म्हणायचो. तसं ते खोटं नव्हतं.

त्याच सुमारास पेटीतलं हसू लोकांना पाठ होऊ लागलं. खोकणारा पुरुष तर इतका ओळखीचा झाला, की मुलं शाळेत त्याची नक्कल करायची. वाहिनीने साडूला सांगितलं, की थोडं आपल्याकडचं हसू पेटीत भर. तेव्हापासून तो टेपरेकॉर्डर घेऊन हिंडायचा. लग्नघरात, केस कापायच्या दुकानात, कोणाच्या तरी आजीच्या खोलीत. मला या सगळ्याशी कर्तव्य नव्हतं. मला विचारायला आला असता तर मी नाहीच म्हटलं असतं, म्हणूनच बहुधा तो आला नाही.

एका दुपारी माझं काम लवकर संपलं आणि मी सहज वर गेलो. सहज नाही, माझ्या दृश्याला कसलं हसू लावतोय ते बघायला गेलो. तो हेडफोन कानाला लावून बसला होता, मला बघून आवाज मोकळा सोडला. पडद्यावर मी. भाडेकरू विचारतो, दिवा कधी लावणार? मी म्हणतो, ‘अंधार काय फुकट वाटतो तुम्हाला?’ जागा. आणि त्या जागेत घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला, नाकातून हवा सुटली, आणि माझी बायको हसली.

मी दाराची चौकट धरली. किती दिवसांनी ऐकत होतो. अगदी तशीच, पूर्वीची, दम संपेपर्यंत. ‘मेले गं’ त्याने कापलं होतं.

“हे कुठून आणलंस?” मी विचारलं.

“ओळखलंत ना?” तो खूश झाला. “ताईंचं आहे. साडूबुवा, सोनं आहे हो. असं एकही हसू पेटीत नाही.”

मी विचारलं, कधी? तो म्हणाला, मागे एका रविवारी तुम्हाला शूटिंग होतं आणि ताई एकट्याच आल्या होत्या तेव्हा. टेप चालू आहे असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, पण जेवणाच्या गडबडीत सगळे विसरले. मी विचारलं, कशाला हसत होती? तो म्हणाला, ते राहू द्या हो, घरातलं काहीतरी. तो तसं म्हणाला नसता तर मी कदाचित निघून गेलो असतो. मी सांगितलं, सगळी टेप लाव. तो नको नको म्हणत होता. शेवटी लावली, आणि स्वतः चहा आणायला गेला. तेवढी अदब त्याच्याकडे आहे.

टेपवर भांडी वाजत होती. मग बायकोचा आवाज, पण जाडा केलेला, माझ्यासारखा. ‘आज पाणी लवकर गेलं.’ आणि शांतता. भांड्यांचाही आवाज नाही. ती माझं तोंड करून बसली असणार, भुवया वर, हनुवटी वर. टेपवर तोंड दिसत नाही, पण माझं तोंड मला दिसलं. मेहुणी खिदळली. पुन्हा माझा आवाज, ‘भाजीत मीठ कमी आहे.’ पुन्हा शांतता, आणखी लांब. मग बायको स्वतःच्या आवाजात म्हणाली, ‘देवाशपथ, असे थांबतात गं. मला कळतच नाही, आता मी काय करायचं असतं?’ आणि ती फुटली. स्वतःच्याच नकलेवर. धपाटा कोणाच्या तरी पाठीत बसला, त्याचा आवाजही टेपवर होता.

मी घरी असा थांबतो हे मला ठाऊक नव्हतं.

नक्कल उत्तम होती. दुसऱ्या कोणाची असती तर मीच आधी हसलो असतो. पण मला राग नकलेचा आला नव्हता. ती इतकी गमतीदार बाई आहे, जागा अशी सोडते, टोला असा मारते, हे त्या घराला माहीत होतं आणि मला नव्हतं. माझ्या घरी ती मुकाट्याने वाढायची आणि तिथे जाऊन हे करायची. तिचं खरं हसू साडूच्या जेवणाच्या टेबलावर सांडत होतं, आणि तो ते गोळा करून माझ्याच वाक्यांना शेपटीसारखं लावत होता. मत्सर मत्सर म्हणतात तो काय असतो, हे मला त्या खोलीत कळलं. त्याआधी होती ती नुसती जळजळ.

साडू चहा घेऊन आला. मी सांगितलं, हे हसू काढून टाक. तो वाद घालत बसला नाही. म्हणाला, पुढच्या भागापासून काढतो, हा भाग मात्र सकाळीच वाहिनीकडे गेला आहे, मी नुसता पुन्हा ऐकत होतो. चहा मी घेतला नाही.

तो भाग लागला तेव्हा आम्ही दोघं नेहमीसारखी कोचावर बसलो होतो. मी बायकोला काही बोललो नव्हतो. विचार केला होता, बघू, स्वतःचं हसू ऐकून तिला काय आठवतं. कदाचित लाजेल. कदाचित तिला पुन्हा तसं हसावंसं वाटेल, इथे, माझ्या शेजारी. खरं सांगायचं तर दिवसभर मी याचीच वाट बघत होतो.

पडद्यावर मी म्हणालो, ‘अंधार काय फुकट वाटतो तुम्हाला?’ ती हसली. ती, टीव्हीतली. कोचावरची हसली नाही. तिने कपाळाला आठी घातली.

“ही कुठली बाई धरून आणलीय?” ती म्हणाली. “किती खोटं हसतेय. ती आधीची बरी होती.”

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला. साडूचं सोनं पितळ ठरलं होतं, तेही तिच्या तोंडून. मग मागाहून कळलं, की तिला स्वतःचंच हसू ओळखू आलं नव्हतं. आणि त्या दोन्हींच्या मधल्या जागेत मी बोलून गेलो, ते साध्या सुरात बोलायला हवं होतं, पण माझ्या सुरात सुई होती.

“ती तूच आहेस,” मी म्हणालो. “धाकटीकडची. माझी नक्कल करून दाखवत होतीस तेव्हाची.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. तिथे आता साबणाची जाहिरात चालू होती. नक्कल मला कळली याचं तिला वाईट वाटलं असावं. तिने मांडीवरची पदराची कड सरळ केली.

“मी खरंच इतकी वाईट हसते?” तिने विचारलं.

यावर द्यायचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. वर्षानुवर्षं तयार होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण तिचं ते वाक्य छोटं होतं, नेमकं होतं, शेवटच्या शब्दावर टोला बसला होता, आणि आमच्या धंद्यात अशा वाक्यावर लगेच बोलणं म्हणजे समोरच्याचा हशा मारणं. माझं तोंड मिटलं. भुवया वर गेल्या. हनुवटी वर गेली. मी जागा सोडली.

मग म्हणालो, “नाही गं.”

ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. “कळलं,” म्हणाली, आणि पाण्याचा पेला घेऊन आत गेली.

मी मागे गेलो. सगळं सांगितलं. बाकांबद्दल, मी वळून बघितलं त्याबद्दल, पेटीतलं हसू ऐकून ऐकून आपल्या सगळ्यांचे कान बिघडले आहेत त्याबद्दल, ते थांबणं उत्तर नव्हतं त्याबद्दल. हे शेवटचं सांगताना माझं मलाच पटेना. एवढ्या साध्या प्रश्नाला कोणता नवरा सवयीने थांबतो? तिने ओटा पुसत पुसत ऐकून घेतलं. रागावली नव्हती. म्हणाली, उगाच समजूत काढू नका, मी ऐकलं ना स्वतःच्या कानांनी.

पुढच्या रविवारी आम्ही तिच्या बहिणीकडे गेलो. जेवताना मेहुणीने ऑफिसातला काहीतरी किस्सा सांगितला, साडूने त्याचं ते ‘हं’ केलं, आणि सगळे हसले. माझ्या बायकोने तोंडावर हात ठेवला. हाताआडून काय आलं ते ऐकूसुद्धा आलं नाही. मेहुणीने पुन्हा काहीतरी सांगितलं, पुन्हा हात. साडूने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. भांडी आत नेताना त्याने मला हळूच विचारलं, ताईंना बरं नाही का? मी म्हणालो, बरं आहे की. तो फार हिरमुसला होता. इतक्या वर्षांत मला त्याच्याशी बरोबरी साधता आली नव्हती, ती आता साधली होती. ते हसू आता आम्हा दोघांपैकी कोणाच्याच घरी नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मला त्याचं समाधान वाटलं.